अक्काचे भाजलेले हात

दहावीनंतर माझं शिक्षण थांबलं, तेव्हा वडलांनी मला आदिलाबादला आणून ब्युटी पार्लरच्या वर्गात घातलं. वडील जैनथजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. पोरीच्या हातात काहीतरी असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट.

मला वाटलं होतं, भुवया कोरायच्या, केस कापायचे, मेंदी काढायची, झालं. पण आमच्या मॅडमनी कितीतरी दिवस कात्रीला हातसुद्धा लावू दिला नाही. आधी चेहऱ्याची हाडं, मग स्नायू, मग कातडी, आणि सगळ्यात शेवटी वीज. मॅडम वरंगलकडच्या होत्या. त्यांच्या हिंदीत निम्मी तेलुगू असायची. वर्गात बहुतेक मुली तेलुगू बोलणाऱ्या. मराठी आम्ही दोघीच, मी आणि अक्का.

अक्का भीमपूरकडची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. भर उन्हाळ्यातही ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची आणि पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घ्यायची. चेहरा सुरेख होता. पण हनुवटीच्या खाली कातडी ओढल्यासारखी झाली होती, आणि दोन्ही हात वितळून पुन्हा गोठल्यासारखे चकचकीत, सुरकुतलेले होते. पहिल्या दिवशी मुली तिच्या बाकावरून उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. मी उठले नाही, कारण मला तेलुगू येत नव्हती आणि तिच्याशी मराठीत बोलता येत होतं. आमची ओळख अशी झाली.

कातडीचा धडा आला त्या दिवशी मॅडमनी भिंतीवर मोठं रंगीत चित्र टांगलं. वरचा पातळ थर, तो झिजतो आणि पुन्हा तयार होतो. त्याखालचा जाड थर, त्यात रक्त, घाम, केसांची मुळं आणि स्पर्श कळवणाऱ्या नसा. वरचं जळलं तर नवं येतं, खालचं खोलवर जळलं तर पहिल्यासारखं येत नाही, असं त्या म्हणाल्या. बोलताबोलता त्यांचं लक्ष अक्काकडे गेलं आणि त्या एकदम थांबल्या. अक्कानं मात्र मान वर करून चित्राकडे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "मॅडम, फिर कभीच नहीं आता?"

"नाही, अम्मा," मॅडम हळूच म्हणाल्या.

अक्कानं मान हलवली. डॉक्टरांनी इतकी वर्षं मलमं लिहून दिली होती, पण असं सरळ तिला कोणी सांगितलं नव्हतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

चेहऱ्याचं मालिश जोडीजोडीनं एकमेकींवर शिकायचं होतं. अक्काची जोडी मीच. तिच्या बोटांची टोकं शाबूत होती आणि त्यांत विलक्षण हळुवारपणा होता. गालांवरून वर, कानशिलाकडे, कपाळावरून पुन्हा खाली, अशी ती बोटं फिरायची तेव्हा मला झोप यायची. एका दुपारी मी अशीच पडले होते, आणि मिटल्या डोळ्यांनी विचारणं सोपं गेलं.

"अक्का, कसं झालं हे?"

"स्टोव्ह भडकला," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिची बोटं थांबली. "दवाखान्यात तहसीलदार आला होता जबानी घ्यायले. त्यालेबी मी हेच सांगतलं, स्टोव्ह भडकला मनून. सासू दारात उभी होती. तिच्या कडेवर माही पोरगी. चार वर्षांची. पोरगी त्यायच्याच घरी राहणार होती ना बाई. मी दुसरं काय सांगू?"

बोटं पुन्हा चालू झाली. बाकीचं तिनं पुढे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. नवऱ्यानं तिला दवाखान्यातून परस्पर भावाकडे पोचवलं आणि वर्षाच्या आत दुसरी केली. पोर तिकडेच राहिली. भेटायला गेली तर दारातूनच परत पाठवत.

विजेचे धडे सुरू झाले तेव्हा मॅडमनी एक पेटी आणली. तिच्यातून चेहऱ्याला अगदी मंद करंट द्यायचा असे. मुली घाबरून मागे सरकल्या. ओल्या हातानं बटण का दाबू नये, तीन पिनांच्या प्लगातली तिसरी पिन कशाला असते, फ्यूज का उडतो, हे सगळं मॅडमनी समजावलं. मग त्यांनी एक चाचणी शिकवली. करंट देण्याआधी कातडीला स्पर्श नीट कळतो का ते पाहायचं. काचेच्या दोन नळ्या घ्यायच्या, एकीत गरम पाणी, दुसरीत गार. समोरच्या बाईनं डोळे मिटायचे आणि कोणती नळी लागली ते सांगायचं.

मी अक्काची बाही वर सारून दंडावर गरम नळी टेकवली.

"लावली का?" तिनं विचारलं.

गार लावली. ती वाटच पाहत राहिली. मॅडम जवळ आल्या, त्यांनी स्वतः लावून पाहिली आणि नळ्या बाजूला ठेवल्या. हिला करंट द्यायचा नाही, त्या वर्गाला म्हणाल्या, हिची कातडी भाजायला लागली तरी हिला समजणार नाही.

अक्कानं डोळे उघडले आणि हसून म्हणाली, "तब समझा था, मॅडम. अब नहीं समझता."

मॅडम पाठमोऱ्या होऊन बराच वेळ पेटीची वायर गुंडाळत राहिल्या.

आम्ही दोघी पास झालो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेऊन मी पार्लर टाकलं आणि अक्काला बोलावून घेतलं. पण गिऱ्हाइकं तिचे हात पाहून म्हणायची, "तुम्हीच करा ना." मग चेहरे मी करायची आणि केस ती. केस करताना ती मागे असायची. आरशावर मी एक फुलाफुलांचा पडदा लावला होता, सगळं झालं की तो बाजूला करायचा. गिऱ्हाइकांना ती गंमत वाटायची.

काही वर्षांनी लग्नसराईत एक नवरी आली. तिच्याबरोबर तिची वहिनी आणि शेजारची एक परकरातली पोर, असेल अकरा-बारा वर्षांची. वहिनीनं गावाचं नाव सांगितलं आणि अक्काच्या हातातला कंगवा खाली पडला. ते तिच्या सासरचं गाव होतं. तिनं त्या पोरीकडे पाहिलं. पोरीच्या एका भुवईत बारीक खाच होती. लहानपणी बाजेवरून पडली तेव्हाची, हे अक्कानं मला मागाहून सांगितलं.

अक्कानं मला कोपऱ्यात ओढलं. "तिले बसव. वेणी मी घालतो."

नवरी तोंडाला लेप लावून डोळे मिटून पडली होती, वहिनी बांगड्या घ्यायला बाजारात गेली होती. मी पोरीला खुर्चीत बसवलं. अक्का तिच्या मागे उभी राहिली. ती केस विंचरत राहिली, गुंता संपला तरी विंचरत राहिली. तिच्या बोटांच्या टोकांना सगळं कळत होतं, हे मला ठाऊक होतं. पोरीला खांद्यावरचा हात दिसला.

"मावशी, तुमचे हात असे काऊन झाले?"

"स्टोव्ह भडकला होता."

"माह्या आईचाबी भडकला होता," पोर म्हणाली, "थे मेली."

अक्कानं पेड घातले, एकावर एक, अगदी घट्ट नाही, सैल नाही, आणि टोकाला लाल रिबन बांधली. "झालं, बाई," एवढंच ती म्हणाली. पोर उठून अंगणात खेळायला गेली.

त्या संध्याकाळी मी तिच्यावर चिडले. "सांगितलं काऊन नाही?"

"तिनं रडून घेतलं असन एकदा," अक्का म्हणाली. "मेलेली आई तिले सोसली. जित्ती कशी सोसन? इतके वर्षं कुठं होती, मनून इचारन ना थे."

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा एका गिऱ्हाइकाकडून कळलं, त्या पोरीचं लग्न ठरलं, मुलगा पैनगंगेच्या पलीकडचा. लग्नाच्या दिवशी मी पार्लर बंद ठेवलं आणि आम्ही दोघी बसनं गेलो. अक्कानं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता, तशा कितीतरी बाया होत्या. मांडव गच्च भरला होता. आम्ही अगदी मागे, खांबाजवळ उभ्या राहिलो. तिथून नवरी दिसत नव्हती, फक्त बाशिंगाचं टोक दिसायचं.

अक्षता वाटणारी एक म्हातारी आमच्यापर्यंत आली. तिनं अक्काच्या ओंजळीत तांदूळ टाकले, हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोणाकडल्या, बाई?"

"पोरीकडल्या," अक्का म्हणाली.

मंगलाष्टकं सुरू झाली. दर कडव्याला ती हात उंच करून अक्षता टाकायची. त्या पुढच्या माणसांच्या डोक्यांवर पडायच्या, मांडवाच्या मध्यापर्यंतही पोचत नव्हत्या. वाजंत्री वाजली तशी ती माझा हात धरून बाहेर पडली. पंगतीला बसायचं नाही म्हणाली. दुपारच्या बसची वाट पाहत आम्ही रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसलो. लाउडस्पीकरचा आवाज तिथवर येत होता. ती पदरानं तोंड झाकून रडली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते.