ड्यूटी सुटेपर्यंत एंगेज

फोन वाजला की काकू आधी पदर डोक्यावर घ्यायच्या. मग दोन पावलं मागं सरकायच्या, आणि घरात साप निघाल्यासारखं त्याच्याकडे बघत राहायच्या. वाजून वाजून तो थकला की म्हणायच्या, "गेला बापा!" आणि पुन्हा सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसायच्या.

अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. बालाघाटच्या आमच्या गल्लीत ती माझ्या दारासमोरच राहायची, आणि आम्हा दोघींत फोन एकच होता. तेव्हा कनेक्शन मिळता मिळत नसे. म्हणून माझ्या फोनची एक तार शेवग्याच्या झाडावरून पलीकडे काकूंच्या घरात नेली होती. त्याला पॅरलल म्हणत. इकडे वाजला की तिकडेही वाजे. तार काकूंच्या मुलानं टाकून घेतली. तो मलाजखंडच्या तांब्याच्या खदानीत डंपर चालवायचा, आणि दुपारी ड्यूटी सुटली की बूथवरून आईला फोन करायचा. तेवढा एक फोन काकू उचलत. बाकीचे सगळे वाईट बातमीचे, हे त्यांचं ठरलेलं. नवरा वारासिवनीच्या बाजारात चक्कर येऊन पडला तो पडलाच, आणि ती खबर त्यांना फोनवरच कळली होती.

आता माझ्याकडे या. मी तेव्हा सकाळच्या शाळेत भूगोल शिकवायची. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, आणि जाताना तिचा जुना कॉम्प्युटर नि फोनच्या तारेवरून इंटरनेट लावणारा मोडेम माझ्या गळ्यात घालून गेली. दोनचार ई-मेल काय केले, मला वाटायला लागलं की बालाघाटात इंटरनेट मीच आणलं. भाजीवालीला सांगायची, "जरा लवकर तोल ग, मला ऑनलाइन जायचंय." मला मोबाइल शिकवताना माझी नात हल्ली कपाळाला हात लावते, तेव्हा ती ऑनलाइन जाणारी बाई माझ्या डोळ्यांसमोर येते. खांद्याला पिन लावलेली कडक साडी, नाकावर चष्मा, आणि अक्कल शेवग्याच्या झाडात अडकलेली.

एका दुपारी मोडेम सुरू केला तर पडद्यावर पाटी आली: नो डायल टोन. मी केबल काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. नो डायल टोन. मोडेमच्या पाठीवर थापट्या मारल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मोडेमला पंख्याखाली ठेवला, उदबत्तीही ओवाळली. कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, टोनची वाट पाहा म्हणून जी टिक आहे न, ती काढून टाका." घरी येऊन मी ती टिक काढली. मग मोडेमनं टोन नसतानाच नंबर फिरवला, पार मुक्या तारेत फिरवला, आणि मी टाळी वाजवली! त्यापुढे अर्थात काहीच झालं नाही.

साधा फोन उचलून कानाला लावावा, हे एवढ्या उशिरा सुचलं. सुचणार कसं? फोनचं डबडं मीच काढून कपाटावर टाकलं होतं, मोडेमला जागा हवी म्हणून. ते खाली उतरवून जोडलं, कानाला लावलं. टोन नव्हता. पण आत लांबवर खलबत्त्याचा आवाज येत होता. आणि कोणीतरी बोलत होतं, "जेवला असशील न रे? डबा थंडाच खाल्ला असशील..."

काकू होत्या.

मी तरातरा गल्ली ओलांडली. काकू एकट्याच लेकाशी बोलत मिरची कुटत बसलेल्या, आणि शेजारच्या पाटावर रिसीव्हर पालथा झोपवलेला.

"काकू! हा काहून काढून ठेवला?"

"तो खदानीत हाय न, बाई."

"मग?"

"मंग वाजला त?"

"वाजला तर उचलायचा!"

"अन् उचलल्यावर वाईट असलं त?"

मी शाळेतला आवाज काढला. "काकू, रिसीव्हर काढून ठेवल्यानं वाईट बातमी थांबत नसते."

काकूंनी बत्ता खाली ठेवला. "आजची त थांबली," त्या म्हणाल्या.

मी आपली अक्कल पाजळायची म्हणून सांगितलं की मी इंटरनेट लावलं की तसाही बाहेरून कोणाचा फोन येत नाही, एंगेज लागतो.

"म्हंजे वाजतच नाही?"

"नाही."

"कितीक येळ?"

"मी बंद करेपर्यंत."

काकूंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आपल्याला शेवटी एक विद्यार्थी मिळाला. "मंग लाव न माय," त्या म्हणाल्या. "रोज लाव."

त्या दिवसापासून मी शाळेतून आले की काकू सूप घेऊन माझ्या खोलीत हजर. मोडेम किंचाळायला लागला की कानावर हात. "कोनाले चिमटे घेऊन राह्यलं वं हे?" मग पडद्यावरची चित्रं बघत खडे वेचत बसायच्या. ड्यूटी सुटायची वेळ झाली की उठायच्या. "बंद कर आता. त्याचा येईल." आणि लगबगीनं घरी जायच्या. माझं इंटरनेटचं सगळं ज्ञान हे असं, दुसऱ्याच्या लेकाच्या ड्यूटीवर कमावलेलं आहे.

एकदा मात्र त्याचा फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी काकू खडे वेचायचं सोडून नुसत्या तांदळात बोटं फिरवत होत्या. वेळ झाली, मी बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं.

"राहू दे."

"काकू, त्याचा फोन यायची वेळ झाली."

"त्याचाच येईल, हे तुले कोनं सांगतलं?"

मग मी काय करणार? परदेशातल्या गावांचं हवामान वाचत बसले. कुठल्या गावात किती थंडी, कुठे बर्फ, मोठ्यानं वाचून दाखवत होते. काकू हं हं करत होत्या, नजर दाराकडे. दिवेलागणीला मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला आणि मुलगाच दारात उभा राहिला. ड्यूटीच्याच कपड्यांत, तोंडावर धूळ.

"आई! फोन काहून लागून नाही राह्यला? काल बूथच बंद होता. आज दुपारपासून लावून राह्यलो, जब देखो एंगेज, एंगेज! मले वाटलं, तुलेच काही..." एवढा डंपर फिरवणारा गडी उंबऱ्यावरच बसला.

काकूंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो हात तिथंच ठेवला. "जेवला का?" त्या म्हणाल्या.

मी मोडेम बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं तरी.

त्यानंतर त्यानं आईला खदानीच्या क्वार्टरवर नेलं. शेवग्यावरची तार बरेच दिवस लोंबत होती. माझ्या मोडेमला आता पहिल्याच झटक्यात टोन मिळायचा, आणि दुपारी काय पाहावं ते सुचायचं नाही.

काकू आता नाहीत. क्वार्टरवर मी त्यांना एकदाच भेटले. ओसरीत रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या, मला लाल भाजी, म्हणजे लाल माठाची भाजी, कशी करायची ते सांगत होत्या. "पाणी टाकायचं नाही, तिचंच सुटते, अन् मंग..."

समोर ड्यूटीची बस येऊन थांबली. काकू बोलायच्या थांबल्या. माणसं उतरत होती, सगळी एकाच रंगाची, धुळीच्या. मी काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही. शेवटी तो उतरला, टोपी काढून मांडीवर झटकली.

काकूंनी श्वास सोडला.

"...अन् मंग वरून लसून," त्या म्हणाल्या.