आमच्या खाणीची चार मैलांची आगगाडी

चार माणसं पंधरा वर्षं एकाच रुळावर घासली की किस्से आपोआप साठतात. खाणीची तांबडी धूळ कपड्यांवर साठायची ना, तसेच. कितीही झटका, जात नाहीत! आता लाइन नाही, इंजिन भंगारात गेलं. पण डिचोलीच्या बाजारात आमच्यापैकी दोघं जरी भेटले तरी चहा थंड होतो आणि शेजारच्या टेबलावरची माणसं खुर्च्या ओढून जवळ येतात.

मी मूळचा पेडण्याचा, लाइनीवर टायमकीपर. गोवा मुक्त झाला आणि थोड्याच वर्षांत आमच्या शेटना वाटलं की बायकांच्या डोक्यावरून खनिज न्यायचे दिवस संपले. त्यांनी कुठूनतरी सेकंडहँड रूळ आणले, एक डिझेल इंजिन आणलं आणि खाणीपासून आमोण्याच्या बाजूला नदीवरच्या धक्क्यापर्यंत चार मैलांची लाइन टाकली. धक्क्यावर माल बार्जीत, म्हणजे सपाट मालबोटीत, पडायचा आणि बार्जी मुरगाव बंदराला जायच्या. मालाच्या डब्यांमागे कामगारांसाठी एक बाकांचा डबा. सरकारी रेल्वेवाल्यांनी हिला रेल्वे म्हटलं नसतं. आम्ही म्हणायचो. कोणाच्या बापाचं काय जातंय!

*

पहिल्या दिवसाची गोष्ट. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोणी विहिरीत घागरसुद्धा सोडत नाही, मग आगगाडी कशी सोडणार? वेशीवर वडाखाली राखणदाराची घुमटी, म्हणजे छोटंसं देऊळ, होतं. हा राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव. गावचे मानकरी बाबल गावकर यांनी नारळ धरला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा राखणदारा म्हाराजा! आज ही जी लोखंडाची गाडी खाणीवरसून धक्क्यार जाता, तिका सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

गाडी सुखरूप पोचली. टाळ्या, पेढे, सगळं झालं. परत निघायची वेळ झाली तर डब्यात एक माणूस चढेना! शेट म्हणाले, "अरे, काय झालं?"

एक म्हातारी कामगारीण म्हणाली, "शेटी, गाऱ्हाणा जावचा घातला. येवचा खंय घातला?"

खरंच की! देवाकडे फक्त जायचं मागितलं होतं. परतीचं कोणी बोललंच नव्हतं. शेवटी गावकरांना सायकलीवर डबलसीट बसवून वेशीवर पाठवलं, दुसरा नारळ फोडला, आणि ते परत आल्यावर दोन तासांनी गाडी हलली.  दुसऱ्या दिवसापासून शेटकडून नारळ दोन यायचे.

*

इंजिन ड्रायव्हर होता पास्कू. माणूस सोन्यासारखा, पण सकाळचा गरम उंडो मिळाला नाही तर कोणाशी बोलायचा नाही. उंडो म्हणजे आमचा गोल, कडक पाव. अर्ध्या वाटेवर पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर टोपली घेऊन उभा असायचा. पास्कू इंजिन थांबवायचा, सहा उंडे घ्यायचा, पोदेराच्या घरच्यांची चौकशी करायचा आणि मग निघायचा.

पुण्याकडून नवे मॅनेजरसाहेब आले. कडक माणूस. माझी टाइमशीट बघून त्यांनी पास्कूला बोलावलं. "मध्येच आठ मिनिटं गाडी का थांबते?"

"साहेब, पोदेर थांबत नाय म्हणून मी थांबतो!"

साहेब तापले. दुसऱ्या दिवशी स्वतः इंजिनात चढले. पोदेराने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि तो वास आला. साहेबांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा रुमालात बांधला.

पुढच्या महिन्यात टाइमटेबलमध्ये तिथे अधिकृत थांबा आला! कारण काय लिहिलं होतं? "इंजिन तपासणी."

*

आता भिकू गेटमन. ह्याच्याशिवाय आमची लाइन म्हणजे काहीच नाही. वेशीवर रस्ता रुळांना आडवा जायचा तिथे भिकूचं गेट. गेटाला कुलूप, कुलपाची चावी भिकूच्या करगोट्याला. बाजूच्या खोपटात तो, बायको सुभद्रा, दोन म्हशी आणि मिरच्यांचा एक वाफा.

गेट बंद केलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी उघडायचा नाही. एकदा त्याची सासू इब्रामपूरहून फणस घेऊन आली. गेट बंद. त्या दिवशी इंजिन वाटेत बिघडलेलं, गाडीचा पत्ता नाही. सासू पलीकडे, जावई अलीकडे.

"जावयानू, उघडा हो! पाय दुखतत."

"गाडी गेल्याबिगर उघडूचंय नाय, मामी. रूल असा."

सासूबाई तिथेच दगडावर बसल्या. लेकीने गेटाच्या दांड्यावरून चहा दिला. गप्पा झाल्या, भाचीचं लग्न ठरलं ते सांगून झालं, फणसही दांड्यावरूनच इकडे आला. दीड तासाने गाडी गेली, भिकूने गेट उघडलं आणि हात जोडून म्हणाला, "या मामी, घरात या."

"आता कित्याक? सगळा बोलान झाला!" म्हणाल्या आणि परतीच्या बसने निघून गेल्या. सुभद्रा नवऱ्याशी आठ दिवस बोलली नाही.

*

मग टिपर ट्रक आले. शेटना ट्रक बरे वाटले आणि एका सोमवारी नोटीस लागली: गाडी बंद. पास्कूला साहेबांच्या मोटारीवर ड्रायव्हर केलं, मला ऑफिसात बसवलं. भिकूला पत्र आलं, मुरगाव धक्क्यावर पहारेकरी!

भिकू पत्र घेऊन माझ्याकडे आला. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती.  "टायमकीपरानू, मुरगावाक म्हशी खंय बांधू? बोटीर? आणि सुभद्रा म्हणता, तू जा, मी हयसून हलाचंय नाय. ह्या वयात माका एकटो धाडतत!"

मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी पत्र पुन्हा वाचलं. लिहिलं होतं, "सदर गेटवरून गाडी जाणे पूर्ण बंद झाल्याच्या तारखेपासून बदली अमलात येईल. तारीख गेटबुकावरून धरावी." गेटबुक म्हणजे गेटमनची वही. गेलेली प्रत्येक गाडी त्यात लिहायची.

मी फक्त एवढंच म्हटलं, "भिकू, वही तुझ्याकडेच आहे ना?"

 त्याने पत्राची चौघडी करून टोपीत ठेवली आणि गेला.

*

रूळ उपटायला कंत्राटदार आला. मजूर सगळे सिंधुदुर्गातले. खाणीपासून उपटत वेशीपर्यंत आले आणि घुमटीसमोर हातातल्या पहारी खाली ठेवल्या. म्हणाले, राखणदाराचा कौल घेतल्याशिवाय इथल्या रुळाला हात लावणार नाही!

कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला पाण्याने फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं फूल पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. बाबल गावकरांनी विचारलं, "रूळ काढूचे?" डावं पडलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा डावं. मजूर वेशीचा तुकडा सोडून पुढचे रूळ उपटायला गेले. तिसऱ्या खेपेला मॅनेजरसाहेब स्वतः चपला काढून उभे राहिले. गावकरांनी "बा राखणदारा" एवढंच म्हटलं आणि टप्! डावं खाली.

"अहो, प्रश्न तरी पूर्ण होऊ द्या!" साहेब ओरडले.

"देवाक ठावक असा, साहेब. तोच तोच प्रश्न!"

तर अशा रीतीने चार मैलांची लाइन गेली आणि गेटासमोरचे तीस हात रूळ तेवढे राहिले. रूळ आहेत तोवर भिकूच्या वहीत गाडी बंद कशी होणार? कौलाची फुलं दर खेपेला कोण आणून द्यायचं? सुभद्रा. पुढचं मला विचारू नका.

*

आता हा शेवटचा. हा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, मोटारीत पुढे बसून.

जपानहून खनिज घेणारे दोन पाहुणे आले होते. त्यांना धक्क्यावर बार्ज भरताना बघायची होती. ओहोटी लागली की बार्ज अडकते, म्हणून साहेबांची भयंकर घाई. पास्कू मोटार हाणत होता. वेशीवर आलो तर गेट बंद! चार वाजून दहा मिनिटं झालेली. भिकू खाकी शर्ट घालून, हातात हिरवं निशाण घेऊन ताठ उभा.

साहेब उतरले. "भिकू, हे काय?"

"चार-धाची गाडी, साहेब."

"कसली गाडी? कुठाय गाडी?"

"लेट असा."

साहेब लाल झाले. "उघड आधी! नाहीतर उद्याच्या उद्या मुरगाव!"

"गाडी गेल्याबिगर गेट उघडूचा नाय. गाडी बंद झाली तर मी मुरगावाक जातंय. वहीत काय ता लिवन घेऊया."

जपानी पाहुणे तोवर खाली उतरले होते. त्यांनी तीस हात रूळ पाहिले, गेट पाहिलं, निशाण पाहिलं आणि भिकूला कमरेत वाकून नमस्कार केला. त्यातल्या एकाने साहेबांना इंग्रजीत सांगितलं की घाई करू नका, गाडी जाऊ दे, आम्ही थांबतो. आणि दोघंही गेटापाशी अदबीने उभे राहिले!

साहेबांनी घड्याळ बघितलं. नदीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "पास्कू, जा रे तू. रुळावरून चालत जा एकदाचा."

"पास्कूची इंजिनावरसून बदली झाली, साहेब," भिकू म्हणाला. "ऑर्डर तुमचीच असा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"टायमकीपर गाडी चालवत नाय," भिकू म्हणाला.

मी मान खाली घातली. हसू दाबायला रुमाल तोंडावर धरला.

साहेबांनी टाय सैल केला. रुळांच्या त्या टोकाला गेले आणि दोन रुळांच्या मधून भराभरा चालायला लागले.

"शिटी!" भिकूचा आवाज आला.

साहेब थांबले. इकडे तिकडे पाहिलं. दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिटी मारली की वडावरचे कावळे उडाले! भिकूने हिरवं निशाण दाखवलं. पाहुण्यांनी टोप्या काढल्या. साहेब तीस हात रूळ पार करून पलीकडे पोचले, घामाघूम.

भिकूने काखेतली वही काढली, तारीख घातली, "४.१० ची गाडी, पंधरा मिनिटं लेट" असं लिहिलं आणि वही पुढे केली. "चालकाची सही."

साहेबांचं लक्ष नदीकडे. पेन ओढून घेतलं, फर्रकन सही ठोकली आणि सवयीने खाली हुद्दाही लिहिला: जनरल मॅनेजर.

भिकूने शाईवर फुंकर मारली, वही काखेत घातली, करगोट्याची चावी काढली आणि गेट उघडलं.