गोराईहून आणलेली माळ

माझ्या आईच्या तोंडाला आयुष्यात दारूचा थेंब लागला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लिव्हर म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न तोच. आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये एकीने लिफ्टमध्येच विचारलं, "पण तुझी आई घ्यायची नाही ना गं?" म्हटलं, "घ्यायची ना. बांगड्याचं तिखलं आणि वर चार वाट्या भात." तिला काही कळलं नाही. नाही तर नाही!

सुरुवात झाली ती प्लेटलेट्सपासून. अंगात कसकस होती म्हणून रक्त तपासलं, तर त्या कमी आल्या. आम्ही डेंग्यू म्हणून मोकळे. पपईची पानं वाटून त्याचा कडूजहर रस आईला नाक दाबून पाजला. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, तरी पाजतच राहिलो. पुढे तिचं पोट वाढायला लागलं. "गॅस धरलो हा, माका काय झाला नाय," म्हणत ती ओवा चघळायची आणि ब्लाऊजची शिवण उसवायची. पोट वाढत होतं आणि हात मात्र काड्या होत होते. भांडं काढायला हात वर केला की बांगड्या थेट कोपराशी यायच्या. हे आम्ही रोज बघत होतो आणि म्हणत होतो, वय झालं.

शेवटी तिला हॉस्पिटलात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. मग सोनोग्राफी, लिव्हर किती कडक झालंय ते बघायचं स्कॅन, घशातून कॅमेरा घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघणं, सगळं झालं. निदान आलं, सिरॉसिस.

"पण तिला कधी दुखलं नाही हो," मी म्हटलं.

"लिव्हर दुखत नाही, तेच तर वाईट," त्या म्हणाल्या. डायबेटिस, वजन, मग लिव्हरमध्ये चरबी. चरबीने सूज येते, सूज भरून येताना व्रण राहतो. वर्षानुवर्षं व्रणावर व्रण चढतात आणि लिव्हर दगडासारखं होतं. मग रक्ताला आत शिरायला वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं. पोटात पाणी झिरपतं. प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स तिथेच अडकून पडतात.

म्हणजे प्लेटलेट्स तेव्हाच सांगत होत्या. आणि त्याच्याही कितीतरी आधी एका रिपोर्टात 'फॅटी लिव्हर' आलं होतं. तेव्हा आम्ही हसलो होतो, आमच्या खानदानात कोणाचं नाही?

औषधांनी दिवस ढकलता येतील, पण खरा उपाय नवं लिव्हर, असं त्या म्हणाल्या. वेटिंगमध्ये नाव घातलं. तिथे नंबर कधी लागेल ते देवालाच ठाऊक. नाहीतर घरातल्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा. मावशीचं वय बसेना. उरले मी, एकुलती एक. रक्तगट जुळला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये उभ्या उभ्या दोन वडे खाल्ले.

माझ्या तपासण्या चालू असताना आईचे डोळे पिवळे झाले. मावशी लाँचने खाडी ओलांडून गोराईला गेली आणि तिथल्या एका म्हातारीकडून काविळीची माळ घेऊन आली. दोऱ्यात गुंफलेल्या बारीक ओल्या काड्या. ती डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ आपोआप वाढत गळ्यात उतरते. पण हाताने काढायची नाही, काढली की गुण जातो.

"मावशी, ही साधी कावीळ नाहीये गं!" मी ओरडले.

"मग तुझी डॉक्टरीण काय करते? पोटातलं पाणी काढते, परत भरतं, परत काढते."

चार दिवसांत माळ खरंच वाढून गळ्यात आली. मावशी आनंदाने रडली. काड्या सुकून गाठी सैल झाल्या की माळ लांबते, हे मला कळत होतं. त्याच दिवशी काविळीचा आकडा आधीपेक्षा वर गेला होता. आई मात्र माळेला कोणाला हात लावू देईना. झोपतानाही मुठीत धरून झोपायची.

मग माझा रिपोर्ट आला.

"तुमच्याही लिव्हरमध्ये बरीच चरबी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडा कडकपणाही आहे. नाही घेता येणार."

"भात सोडते. वजन उतरवते."

"उतरवा. स्वतःसाठी उतरवा. पण आईंकडे तेवढा वेळ नाही."

रिक्षात मला रडू आलं नाही, राग आला. कोणावर काढू? तिने प्रेमाने वाढलं, मी प्रेमाने खाल्लं. ताटात टाकलं की ती रुसायची.

आई किचनच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. "काय म्हणाले?" तिने विचारलं. खोटं बोलायचं ठरवून आले होते, जमलं नाही. सगळं सांगून टाकलं.

मग तिने दोन्ही हातांनी गळ्यातली माळ काढली.

"अगं आई, काढू नकोस!" माझ्या तोंडून निघालं. माझ्या!

"हंयसर बस," ती म्हणाली. "तुका लागतली आता."

मी खाली बसले. तिने माळ माझ्या डोक्यावर ठेवली. पण ती तिच्या गळ्याएवढी वाढलेली होती. डोक्यावर ठरलीच नाही, सरळ माझ्या गळ्यात उतरली.