चौदा दिवसांचा पाहुणा

हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर राखणीला बसणारा धुळा बंडगर चाळिशी उलटल्यावर पाठीला वाळका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकला, ही गोष्ट सांगलीत पुष्कळांना ठाऊक आहे. ती एकमेकांना सांगून लोक अजून हसतात. तो कशासाठी शिकला, हे मात्र माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथं धुळाला दोन आठवडे सुट्टीला जायचं होतं.

मीही पहिल्यांदा हसलोच होतो. मी हळदीच्या अडतीत दिवाणजी. मॅट्रिकला दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो, पण इंग्रजी तेवढं पक्कं झालं, म्हणून बाजारात कुणाला इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे यायचा. सेहेचाळीस सालच्या फाल्गुनात धुळा असाच एक कागद घेऊन आला. अंगात पलटणीचा खाकी सदरा, डोक्याला आटपाडीकडचा पागोट्याचा वेढा. नुकताच लढाईवरून सुटून आला होता आणि आमच्याच शेठजींनी त्याला पेवांवर राखणदार म्हणून ठेवलं होतं.

"आवं नानासो, ह्ये जरा वाचून दावा की," तो म्हणाला.

पत्र बर्ट नावाच्या एका ऑस्ट्रेलियन शिपायाचं होतं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, मजकूर चार ओळींचा. लढाई संपली, मी घरी पोचलो, बंदरावरच्या घोडागाड्यांच्या तबेल्यात पुन्हा कामाला लागलो, आता तू ठरल्याप्रमाणे दोन आठवडे ये. कधी येतोस ती तारीख कळव, म्हणजे मी तेवढी रजा काढून ठेवतो. मी वाचलं आणि मोठ्यानं हसलो. धुळा हसला नाही. शांतपणे म्हणाला, "ठरलंय खरं तसं."

कसं ठरलं ते त्यानं मला पुढं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. बेचाळीसच्या थंडीत त्याची पलटण सीरियाच्या डोंगरात होती. धुळा खेचरांच्या तुकडीत, आणि वरच्या ठाण्यावर ऑस्ट्रेलियन शिपाई. त्यांना दाणापाणी पोचवायचं काम याचं. एकदा तो वर गेला असताना मागून त्याच्या नावची चिठ्ठी आली. घरची होती, तीन महिन्यांपूर्वीची. बायको गेली होती. मूलबाळ नव्हतंच. धुळा बर्फात खेचराजवळ बसून राहिला. तेव्हा हा बर्ट उठून आला, खेचराच्या पाठीवरचं ओझं स्वतः उतरवलं, त्याला खरारा केला आणि धुळाच्या शेजारी येऊन बसला. मग मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत बर्ट म्हणाला, लढाई संपली की माझ्या गावाला ये. दोन आठवडे. आम्ही घोड्यांना पहाटे समुद्रात पोहायला नेतो, तुलाही नेतो.

"घोडी समिंदरात पवत्यात, नानासो," धुळा मला म्हणाला. "नुसती मुंडकी वर. म्या म्हनलं, ह्ये तर बगायलाच पायजे."

लढाईवरून परत आला तेव्हा त्याच्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं. भाऊ मेंढरं घेऊन दिवाळीनंतर वाटेला लागायचे ते आठ महिने बाहेरच. त्यांच्या बरोबर चालायची सवय मोडली होती आणि घरात दार उघडणारं माणूस नव्हतं. म्हणून तो सांगलीला राहिला. पेवांवरची राखण म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. हरिपूरच्या मातीत दोन-तीन पुरुष खोल खड्डे खणून त्यात हळद भरतात, वरून माती लिंपून बंद करतात. आत वर्षानुवर्षं हळद टिकते. त्या बंद मातीवर राखणदारानं बसायचं. चोर येत नाही, गिऱ्हाईक येत नाही, कुणीच येत नाही. नुसतं बसायचं.

म्हणूनच असेल, धुळाच्या सुट्टीत बसणं हा प्रकारच नव्हता. रोज दिवेलागणीच्या आधी तो माझ्या खोलीवर यायचा आणि आम्ही चौदा दिवसांची आखणी करायचो. मी बर्टला प्रश्न लिहायचो, महिना-दीड महिन्यानं उत्तर यायचं, आणि धुळा ते पलटणीत शिकलेल्या रोमन अक्षरांत पेवांवरच्या आपल्या खोपटाच्या दारावर कोळशानं लिहून काढायचा. पहिल्या दिवशी पहाटे घोडी. दुसऱ्या दिवशी पोहणं. तिसऱ्या दिवशी बोटीनं समोरच्या बेटावर, आणि सायकलवरून बेटाला फेरी. पाचव्या दिवशी नदीत जाळं टाकून खेकडे. सहाव्याला टेकडी. तिकडे दुपारी समुद्रावरून गार वारा सुटतो, त्याला लोक डॉक्टर म्हणतात, असंही बर्टनं कळवलं. यावर धुळा पोट धरून हसला. "वाऱ्याला डाक्टर! आमच्याकडं वारं लागलं की डाक्टर बोलवाय लागतोय!" त्याला इतकं हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

अकरावा दिवस रिकामा राहत होता. मी म्हटलं, "त्या दिवशी विसावा घे. जरा बस समुद्राकाठी."

तो एकदम तापला. "बसायला हितं काय कमी जागा हाय व्हय?" अकराव्या दिवशी आम्ही पुन्हा घोडी लिहिली.

पण घोडं अडलं ते पाण्यापाशी. आटपाडीच्या माळावरचा माणूस, त्याला पोहता कुठून यावं? उंटावरून शेळ्या हाकत मीच म्हटलं, कृष्णा काय दूर आहे का? दुसऱ्याच दिवशी स्वारी घाटावर हजर. सहा-सात वर्षांची पोरं पाठीला भोपळे बांधून धपाधप उड्या मारतायत आणि त्यांच्यात हा पलटणीतला मिशाळ नाईक, पाठीवर भला थोरला भोपळा. घाटावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पोरांनी त्याला भोपळे नाईक असं नाव ठेवलं. त्याला त्याचं काही नव्हतं. दोन महिन्यांत भोपळा सुटला, दिवाळीपर्यंत तो ऐलतीरावरून पैलतीराला जायला लागला. मग तासाच्या भाड्यानं सायकल आणून गणपतीच्या देवळामागं पडझड सुरू केली. गुडघे सोलून निघाले, पण सायकलही आली.

पासपोर्टासाठी त्यानं साताऱ्याला तीन खेपा घातल्या. त्या देशात काळ्या माणसाला घर करून राहू देत नाहीत म्हणे, पण चौदा दिवसांच्या पाहुण्याला हरकत नव्हती. पासपोर्ट हातात आला तेव्हा सेहेचाळीसचा मार्गशीर्ष लागला होता. बर्टचं नवं पत्र आलं होतं. फेब्रुवारी चांगला, तेव्हा आमच्याकडे उन्हाळा असतो, खेकडेही भरपूर. तारीख तेवढी सांग.

आता फक्त एक ओळ लिहायची होती. धुळा माझ्या खोलीत उंबऱ्याला टेकून बसला होता. त्यानं विचारलं, "मग लिवायचं का, येतो म्हनून?"

आणि मी शहाणपणा केला. मी म्हटलं, "अरे, आपणहून तारीख कळवायची म्हणजे कसं दिसतं ते? माझी लेक बेळगावाकडं दिली आहे. तिलासुद्धा माहेरी यायचं तर मी मूळ धाडतो, न्यायला माणूस पाठवतो, तेव्हा ती येते, उठली नि निघाली असं नाही करत. लढाईत माणूस बोलतो, चार वर्षं झाली त्याला. त्याला दिवस सांगू दे. पाहुण्यानं दिवस सांगू नये."

धुळा लगेच म्हणाला, "व्हय, ह्ये खरं हाय." त्याच्याही मनात तेच होतं. मी नसतो तरी कदाचित त्यानं तेच केलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. आम्ही लिहिलं: तुमच्या सोयीचा दिवस तुम्ही कळवावा, आमचं काय, आम्ही कधीही येऊ.

बर्टनं उत्तर दिलं: माझी सोय कायमचीच आहे, तू सांग. आम्ही लिहिलं: नाही, आपणच सांगावं. लग्नघरात दोन व्याही दारात उभे राहून आधी तुम्ही, आधी तुम्ही करतात, तसं चाललं. फरक इतकाच की त्यांच्या मध्ये उंबरा असतो, आमच्यामध्ये समुद्र होता आणि एकेक 'आधी तुम्ही' पोचायला महिना लागत होता. सत्तेचाळीसचा फेब्रुवारी गेला. धुळा म्हणाला, पुढल्या साली बोलवंल. पावसाळ्यात नदीला पूर असताना तो खोलीवर बसून बेटाच्या फेरीला किती वेळ लागेल याचा हिशेब करायचा. अठ्ठेचाळीसचाही फेब्रुवारी गेला.

आता मी एक गोष्ट कबूल करतो. त्या पत्रांतला घोळ मला समजत नव्हता असं नाही. 'तारीख सांग' या दोन शब्दांत न समजण्यासारखं काय आहे? गोरे लोक आपल्यासारखे आढेवेढे घेत नाहीत, सरळ विचारतात, हे इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला कळत असतं. पण माझी बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. लेक दूर. दुकान बंद झालं की त्या खोलीत मी आणि कंदील. धुळा यायला लागल्यापासून मी संध्याकाळची वाट बघायला लागलो होतो. चहा दोघांचा टाकत होतो. तो गेला असता तर चौदा दिवस गेला असता, फार तर जाऊन येऊन दोन महिने. तेवढेसुद्धा मला नको होते. मी वाईट माणूस नाही, पण मी हे केलं.

अठ्ठेचाळीसच्या चैत्रात बर्टचं पत्र आलं. या वेळी लांबलचक होतं. धुळा पुढं बसला होता आणि मी वाचता वाचता मराठी करून सांगत होतो. मी एक शब्द गाळला नाही. तेवढं तरी मी केलं.

बर्टनं लिहिलं होतं: "गेल्या फेब्रुवारीत आणि या फेब्रुवारीत मी चौदा-चौदा दिवसांची रजा काढून ठेवली होती. तू न कळवता येशील असं वाटायचं, म्हणून कोलंबोची बोट लागली की धक्क्यावर जाऊन शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबायचो. मी तुला इतक्यांदा विचारलं, तू एकदाही तारीख दिली नाहीस. ज्याला यायचं नसतं तो सभ्यपणानं असंच लिहीत असणार, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. तुला अवघडल्यासारखं केलं, माफ कर. आता तबेला बंद झाला. घोडी विकली, लॉऱ्या आल्या. मी खोली सोडून आतल्या भागात मेंढ्यांच्या रानावर कामाला निघालो आहे. यापुढं पत्रांचा त्रास देणार नाही."

धुळानं पत्र माझ्या हातातून घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "मला यायचं न्हवतं, आसं वाटलं त्येला?"

"चूक माझी आहे, धुळा," मी म्हटलं. "तू तारीख सांगायला निघाला होतास."

"तुमी सांगितलं, आन् मला पटलं. आता लिवा. येतोय म्हना. पुढल्या म्हयन्यात, पैली बोट घावंल तिनं. मेंढरांतच याचं आसंल तर मेंढरांत यीन. मला काय मेंढरं नवी हायत?"

मी त्याच बैठकीला लिहिलं. महिना लिहिला, बोटीचं नाव विचारून आणून दुसऱ्या दिवशी तेही घातलं. पाकिटावर जुनाच पत्ता, दुसरा नव्हताच. धुळानं पेवांवर दुसरा राखणदार बघून दिला, शेठजींची रजा घेतली, ट्रंक भरली. उत्तराची वाट बघता बघता ती बोट गेली, तिच्या मागची गेली. श्रावणात आमचंच पाकीट न फोडता परत आलं. वर शिक्का होता, माणूस निघून गेला, ठिकाण माहीत नाही.

मी पाकीट घेऊन स्वतः हरिपूरला गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच. धुळा पुन्हा मातीवर बसला होता. मी शिक्का वाचून दाखवला. त्यानं मान हलवली आणि ट्रंकेतून बर्टचं ते लांबलचक पत्र काढून माझ्या हातात दिलं.

"त्ये धक्क्यावरचं परत वाचा."

मी वाचलं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबायचो.

"त्येच्यासंगं कोन हुतं, आसं लिवलंय का?"

"नाही. एकटाच जात असेल."

"दोन वर्सं चिठ्ठ्या आल्या," धुळा म्हणाला. "तुमीच वाचल्यासा. त्यात बायकू, भाऊ, म्हातारी, कुनाचं एक नाव हुतं का?"

मी आठवून पाहिलं. घोड्यांची नावं होती. माणसाचं एकही नव्हतं.

"मला वाटत हुतं, माझी बायकू गेली म्हनून माझी दया आली त्येला," धुळा म्हणाला. "म्हनून तारीख सांगाय म्या लाजत हुतो, नानासो. आन् त्येलाच कुनी न्हवतं."

मी त्याच्याजवळ मातीवर बसलो. अंधार पडला तरी उठलो नाही.