गादीतला गणिताचा तास

माझ्या मुलीनं, चिनूनं, तीन वर्षांची असताना एक अख्खी गादी ओली केली, असा आमच्या घराण्याचा इतिहास सांगतो. तो खोटा आहे. आता तिचं लग्न ठरलंय, तेव्हा व्याह्यांच्या कानावर जायच्या आत सांगून टाकतो : गादी माझ्यामुळे भिजली. (त्या अर्थानं नाही. थांबा जरा.)

मी तेव्हा दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावर शिक्षक होतो. कापसाचा भाव पार कोसळलेला. मजूर लावणं परवडेना म्हणून वेचणीला घरचीच माणसं, आणि त्या माणसांत माझी अख्खी तिसरी! मी पोरांच्या बसायच्या रिकाम्या टाटपट्ट्यांना वजाबाकी शिकवायचो. अशात प्रशिक्षणात साहेबांनी मंत्र दिला, की मुलं शाळेत येत नसतील तर त्यांचं जग वर्गात आणा. मी ठरवलं, वर्गात कापसाची खरेदी भरवायची. तराजू मिळाला. कापूस मात्र त्या वर्षी कोणाच्या दारात जाऊन मूठभर मागायलाही जीभ रेटेना.

कापूस माझ्याच घरात होता. नव्या गादीत.

"मास्तरच्या घरी पोरीले पाठ टेकाले गादी तरी भेटन काय," असं माझे सासरे, मामाजी, आमच्या लग्नातच म्हणाले होते, आणि त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आता ते प्रथमच येणार होते, एका मुक्कामाला. माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्या एका वाक्याला उत्तर म्हणून ही गादी भरून घेतली होती. छोट्या चिनूलासुद्धा तिच्यावर चढायची बंदी! त्या सकाळी सुनंदा चिनूला घेऊन जीपनं दारव्ह्याला वडिलांना आणायला गेली, आणि मी गादीची शिवण उसवली. दुपारपर्यंत परत भरू, कोणाला कळतंय!

शाळेत कापसाची खरेदी लागली ही बातमी वावरात पोचली आणि पोरं धावत आली. दिनेश आपणहून ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारा, झाला. त्यानं माझा कापूस बोटांनी ओढून पाहिला आणि नाक मुरडून माल दबलेला आहे, घेत नाही, असं जाहीर केलं. मी त्याच्या चक्क विनवण्या केल्या. मग गट पाडले, ज्याचं वजन जास्त तो गट पहिला असं सांगितलं, आणि तक्ता आखायला फळ्याकडे वळलो. तिथं चुकलं.

मागं पाहतो तर सपना माठातलं पाणी तांब्यानं कापसावर शिंपडत होती. शांतपणे, तुळशीला घालावं तसं. दुसरा गट हापशावरून बादली भरून आणत होता.

"सपना, पाणी काहून मारून राह्यली?"

"वजन वाढते नं, गुरुजी. आमची याडी बी मारते." याडी म्हणजे आई. मग तिनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "कोरडाच नेत असते काय कोनी?"

(नेत नसत. भाव आपल्या हातात नाही, निदान वजन तरी असावं, हा साधा हिशेब आमच्या भागात घरोघरी होता. मलाच सुचला नव्हता.)

पण याच सपनाचं वजाबाकी म्हटलं की पोट दुखायचं. तिनं ओल्या वजनातून कोरडं वजा करून पाणी किती ते सांगितलं, तेही हातच्यासकट! मी टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता आठवलं, कापूस कोणाचा आहे.

जीपचा हॉर्न ऐकू आला तेव्हा मी पिळलेला कापूस खोळीत कोंबून शेवटचे टाके घालत होतो. वरून कोरडी चादर.

मामाजींनी गादी पाहिली. "मोठी झकास हाय वं माय," असं म्हणाले आणि सुनंदाचा चेहरा उजळला. आमची जेवणं होईपर्यंत चिनू बंदी मोडून तिच्यावर झोपून गेली. तिला उचलून मामाजी आडवे झाले आणि सावकाश उठून बसले.

"जवाईबुवा, हे ओलं कायनं झालं?"

सुनंदा माझ्याकडे पाहत होती.

"चिनूनं," मी म्हणालो.

मामाजींनी गादी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. "सारी?"

"पानी लय पिते ती."

एका मुक्कामाला आलेले मामाजी गादी वाळेपर्यंत राहिले. रोज स्वतः ती उन्हात टाकायचे, उलटायचे, आणि नातीला मांडीवर घेऊन गादीची राखण करायचे. बापलेकीतला दुरावा त्या उन्हातच वाळून गेला. शाळेत मी कापसाच्या जागी चिंचोके आणले आणि खरेदी चालू ठेवली. वेचणी उरकून का होईना, सपना रोज यायला लागली. फक्त चिनूचं नाव खराब झालं. अंथरूण ओलं होण्यावर औषध म्हणून मामाजींकडून दर हिवाळ्यात तिळाचे लाडू येऊ लागले, चांगले लिंबाएवढे. चिनूला तीळ आवडत नाहीत. लाडू मी खायचो.

परवा मामाजींसमोर मांडी घालून बसलो आणि म्हणालो, "मामाजी, ती गादी चिनूनं भिजवली नव्हती."

"मले तवाच समजलं होतं," ते म्हणाले. "तेवढीशी पोट्टी एवढी गादी भिजवत असते काय?"

केवढं ओझं उतरलं!

"म्हनून तं लाडू एवढे मोठे वळाले लावत होतो. तुमच्या मापाचे."

मी शाळा, कापूस, सपना, माठ, सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लाजाचं काय त्यात, जवाईबुवा. गुन आला नं?"

दारात सुनंदा तोंडाला पदर लावून उभी होती.

"आला, मामाजी," मी म्हणालो.