नागपूरची वाट आणि तुझ्या आईचा करंडा

चि. मंजुळे,

तुझ्या सासऱ्यांचा दमा या थंडीत कसा आहे? सासूबाईंचा गुडघा वाकतो का, की अजून जात्यापाशी पाय लांब करूनच बसतात? जावईबापूंच्या बोटाला विळा लागला होता, ती जखम भरली का? थोरलीचा खोकला गेला का, आणि धाकटीला दात आले का? तू स्वतःचं कधी लिहीत नाहीस वं, म्हणून तुलाही विचारतो. मी बरा आहे. कंबर तेवढी नागपुरातच राहिली.

संक्रांतीनंतर तुम्ही कुहीला येऊन पुढे नागपूर पाहायला जाणार, म्हणून वाट कशी आहे ते तू विचारलं होतंस. जाताना मी शेजाऱ्याच्या धानाच्या बैलबंडीत बसलो. फुकटात जातोय म्हणून खूश होतो, पण फाट्यापर्यंतच्या चाकोऱ्यांनी त्याचं मोल हाडांतून वसूल केलं. लेकरं घेऊन बंडीनं जाऊ नका. मोटरवाला आठ आणे मागतो आणि सहा आण्यांत बसवतो, मोटरनंच जा. मुक्काम पाचगावला पडला. तिथल्या विहिरीचं पाणी गोड आहे, पण खायला फुटाण्यांशिवाय काही मिळत नाही. मी भाकर आणि जवसाची चटणी नेली होती, त्यावर भागवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सक्करदऱ्याच्या तलावावर तोंड धुतलं आणि इतवारीपर्यंत पायी गेलो. पूर्वी हे अंतर मी गाणं म्हणत चालायचो. यंदा तीनदा ओट्यावर बसलो.

गेलो तो देवाजीसाठी. देवाजी, चिंधूजी आणि मी, तिघं इतवारीत एकाच उस्तादाकडे, लाकूड कातायच्या खरादीवर शिकलो. एका हातानं कमान ओढायची, दुसऱ्या हातात पटाशी आणि तिला आधार पायाच्या अंगठ्याचा. चिंधूजीनं निरोप धाडला होता की देवाजीचे डोळे गेले, एकदा भेटून जा.

देवाजी अंगणात उन्हाला बसला होता, शेजारी चिंधूजी. माझा आवाज ऐकून म्हणाला, मोठा झालास का रे, आवाज जाडा झाला. त्याच्या खरादीच्या लाकडावर सुनेनं गोधड्या वाळत घातल्या होत्या. सून गुणाची आहे. पाटवडीचा रस्सा केला होता. तिखट इतकं की चिंधूजी धोतराच्या सोग्यानं नाक पुसत जेवला.

जेवणानंतर म्हाताऱ्यांच्या गप्पा निघतात तशा निघाल्या. आयुष्यात केलेल्या वस्तूंमध्ये आपली लाडकी कोणती? चिंधूजीनं खाटेचं नाव घेतलं. त्याच्या घराची जमीन उतरती होती, म्हणून त्यानं एक पाय मुद्दाम दोन बोटं उंच कातला. खाट अशी बसली की पाण्याचा लोटा हलेना. मग भावानं वाटणी मागितली आणि त्याच्या वाट्याला सपाट जमिनीची खोली आली. "बावीस वर्षं झाली, लंगड्या खाटेवर झोपून राहिलो. पण तो पाय कापाची हिंमत नाही होत गा," तो म्हणाला. आम्ही खूप हसलो.

देवाजी हसला नाही. पाळण्यांचे खांब, रव्या, भोवरे, करंडे, जे केलं ते विकलं, म्हणाला. घरात एक नाही. सुनेला बाजारात पाठवून जुन्या गिऱ्हाइकांकडेही विचारून पाहिलं. "डोळ्यानं तं आता पाहणं नाही. माह्या हातचं एक कायतरी हातात धराले पाहिजे होतं."

मग मी, शहाणा, मुद्दाम सोबत नेलेला तुझ्या आईचा करंडा पिशवीतून काढला. लग्नाआधी उस्तादाकडे हळदूच्या लाकडाचा कातलेला, लाल लाखेचा. माझी लाडकी वस्तू तीच, हे तुला ठाऊक आहे. पाहुणा आला की मी तो दाखवायचो. देवाजीनं झाकण ओढलं, पुन्हा बसवलं, तो हलका आवाज ऐकला. झाकणाच्या आत अंगठ्याचं नख फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग करंडा माझ्या हातात ठेवून म्हणाला, तुझ्या हातची गोष्टच न्यारी होती. मी फुगलो.

सकाळी विहिरीवर करंडा पुसायला घेतला. आमच्या उस्तादाचा नियम होता की नाव कोरायचं नाही. झाकणाच्या आत आपापल्या खुणेच्या रेघा ओढायच्या. माझ्या दोन, देवाजीच्या तीन. तुझी आई झाकणात मेण ठेवायची, त्यावर कुंकवाचा थर चढलेला, म्हणून रेघा इतकी वर्षं झाकल्याच होत्या. आदल्या दिवशी देवाजीच्या नखानं तो थर खरवडला होता. खाली तीन रेघा होत्या. आमचे दोघांचे करंडे एकाच मापाचे, एकाच रंगाचे; उस्तादाच्या टोपलीतून आपापला उचलला, तेव्हाच अदलाबदल झाली असणार.

मी ओल्या पायांनी आत गेलो. "देवाजी, काहून नाही बोलला?"

"काय बोलू? तुह्या बायकोनं जन्मभर त्यातलं कुंकू लावलं. ते बाई मेल्यावर करंडा माहा कसा होईन?" मग थोडा थांबून म्हणाला, "अन् तू जगभर माह्या कामाची फुशारकी मारत फिरला, तेवढी मजुरी पुरे झाली मले."

मी करंडा त्याच्या हातात दिला. तो घेईना. शेवटी म्हणाला, "पोरीले विचार. ते हो म्हणन तं राहू दे. नाही म्हणन तं माणूस धाडून घेऊन जा, माहा राग नाही." आणि नख परत झाकणात गेलं. एक, दोन, तीन. मी निघालो तेव्हाही मोजतच होता.

येताना मोटरनं आलो. दोन्ही पाय सुजले, फाट्यावर उतरून घरी यायला संध्याकाळ झाली. कोनाड्यात करंडा नव्हता आणि मला, खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. ज्या कामावर मी स्वतःला कारागीर समजत आलो, ते माझं नव्हतंच. माझा कोणाकडे गेला, देव जाणे. एखादीनं वापरून चुलीत घातला असेल.

पण मंजुळे, तो करंडा मी तुला कबूल केला होता. आई गेली तेव्हा तू दुसरं काही मागितलं नव्हतंस. तुला न विचारता मी तो ठेवून आलो, ही माझी चूक. झाकणातलं मेण आणि कुंकू मात्र मी देवाजीच्या सुनेकडून कागदात काढून घेतलं. ती पुडी या पत्रासोबत आहे, जपून उघड.

आता तू काय ते ठरव. राग आला असेल तर रागच लिही, मी वाचीन. नाही म्हणालीस तर मोटरनं पुन्हा जाऊन घेऊन येईन. पण हे पत्र हाती पडताच उत्तर टाक, म्हणजे मी देवाजीला कळवीन. पोस्टमन दारावरून गेला की तिकडे देवाजी सुनेला, पत्र आलं का, म्हणून विचारत असेल.

तुझा बाबा