वाडग्याची वाटणी

नातीचं विमानाचं तिकीट मी अडवून धरलं, हा माझा मूर्खपणा. तेव्हा मी तरुण होते, साठी नुकतीच उलटलेली. सिंगापुरात तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासायची, त्यामुळे जगातला पैसा कुठून कुठे जातो ते आपल्यालाच कळतं अशी माझी ठाम समजूत.

नात अमेरिकेत शिकत होती. कॉलेजच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची. डिसेंबरात त्यांच्या फुटबॉल टीमला 'बाऊल'चं आमंत्रण आलं. बाऊल म्हणजे आपला वाडगाच, पण तिकडे मोसम संपल्यावरच्या मानाच्या सामन्याला तसं म्हणतात. त्याच्या मोबदल्याचा आकडा वाचून माझे डोळेच फिरले.

मुलगा म्हणाला, "आई, मॅच झाली की ती इकडे येईल. तिकीट काढून टाकतो, भाडं वाढतंय."

"काही नको," बाईसाहेब उवाच. "कॉलेजला एवढं घबाड मिळतंय, पोरांना घरी जायचं भाडं देणार नाहीत? थांब जरा."

थांबला बिचारा. आईचं ऐकणारा ना!

मग कळलं, ते घबाड कॉलेजच्या हाती पडतच नाही. बऱ्याच कॉलेजांचा मिळून एक गट असतो, पैसा त्या गटाच्या वाडग्यात. प्रवासखर्चापोटी थोडं खेळणाऱ्या कॉलेजला, उरलेलं सगळ्यांना सारखं. अख्खा मोसम हरून सोफ्यावर लोळणाऱ्या कॉलेजलाही तेवढंच! वर खेळणाऱ्याने आपल्या वाट्याची तिकिटं खपवायची, नाही खपली तर पदरचे भरायचे. प्रशिक्षकाला बक्षीस मात्र वेगळं. आमच्या कॉन्डोच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जी नुसतं चिप्सचं पाकीट घेऊन येते आणि डबाभर श्रीखंड घरी नेते, त्या बाईनेच हे नियम केले असावेत. आणि बँडची पोरं? घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या! मिळाला एक टी-शर्ट, तोही ढगळ.

तोवर भाडं असं चढलं की मुलाने हात टेकले. भाड्याचा आकडा उघडून लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ते फार लागलं. नववर्षाला नात रिकाम्या हॉस्टेलवर, आणि तिच्यासाठी केलेल्या चकल्या इथे आम्हीच चावत बसलो. शेवटी मी फोन केला, "चुकलं गं माझं."

ती अस्सल सिंगापुरी थाटात म्हणाली, "आजी, घरी बसणाऱ्यालाही सारखाच वाटा मिळतो ना? मग पुढच्या वर्षी बँड गेला उडत, मी तुझ्याच घरी बसते. माझा वाटा काढून ठेव, लाह!"